अहवालातला एक शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. एकदा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं — पण मनातल्या मनात म्हटलेल्याला सांगणं म्हणत नाहीत. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. सुरुवात कुठून करायची, हेच कळत नाहीये.

रेवतीच्या फोनपासून करतो.

रेवती माझी एकुलती एक मुलगी. पुण्याला एका कॉलेजात पत्रकारिता शिकवते. गेल्या महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होती आणि जे वाचलं ते कुणालातरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही, लहानपणापासूनच. तुर्कस्तानातल्या एका टीव्ही चॅनलबद्दल बोलत होती. स्वतंत्र चॅनल, सरकारच्या कलानं न चालणारं. त्यावरच्या चर्चेत कुणी काहीतरी बोललं, आणि तिथल्या नियामक मंडळानं दहा दिवस प्रक्षेपण बंद ठेवायला लावलं. दहा दिवस नुसता काळा पडदा.

"बाबा, मला एक कळत नाही," ती म्हणाली. "हे सगळं कुणीतरी बसून ऐकत असेल ना? कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहून काढत असेल. तो माणूस संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवत असेल का हो?"

 मग तिच्याच काहीतरी लक्षात आलं असावं. घाईघाईनं म्हणाली, "तुमचं वेगळं होतं हो बाबा. तुमचं मी म्हणत नाहीये."

मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर कर. आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

माझं वेगळं होतं, असं तिला वाटतं. तिला तसं वाटतं, कारण मी तिला तसं वाटू दिलंय. सतरा वर्षं.

मी वसंत माने. सोलापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आता निवृत्त आहे. केबलवाल्यांच्या नोंदी, परवाने, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी हे टेबल बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्या काळी शहरात केबलवर चालणाऱ्या छोट्या छोट्या वाहिन्या होत्या, आठवतात? दिवसभर जुनी गाणी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, चादरींच्या दुकानांच्या जाहिराती आणि संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या. 'हाक' त्यांतलीच एक. सलीम मुलाणी आणि त्यांची बायको शहनाज, दोघं मिळून चालवायचे. सलीमभाई मुळात गच्च्यांवर चढून केबल ओढणारे. कॅमेरा हाताळायला आपलं आपणच शिकले. एका पॉवरलूमच्या शेडवरची एक खोली, मागे निळा पडदा, पुढे टेबल, हा त्यांचा स्टुडिओ. खाली मागांची खडखड चालू असायची, म्हणून शहनाजबाई बातम्या जरा मोठ्यानंच वाचायच्या.

आणि वाचायच्या कशा — तुम्ही ऐकायला हवं होतं. बाई मोडनिंबच्या. बातमीची भाषा त्या कधी शिकल्याच नाहीत. "आज सा दिस झालं, विजापूर नाक्याकडं पानी न्हाय," असं सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणायच्या. "नळाला विचारलं तर नळ म्हनतोय, मला कशाला इचारता, आफिसात जावा की." आमच्या घरी त्या वेळी ताटं वाढलेली असायची. निर्मला, माझी बायको, हसता हसता वाढायची थांबायची. शेजारी पद्मशाली कुटुंब होतं, घरात तेलुगू बोलणारं. त्यांच्या आजीबाईसुद्धा हाकच्या बातम्या लावून बसायच्या. कुणाच्या पक्षाची नाही, कुणा बड्या शेठची नाही, अशी ती वाहिनी होती. लोकांना ते कळायचं.

आता रेवतीचं सांगायला हवं. ते टाळून पुढे गेलो तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

रेवती लहानपणी अडखळत बोलायची. क आणि प आला की अडकलीच. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणायलाही घाबरायची. हाकवर रविवारी सकाळी मुलांचा कार्यक्रम असे, मुलं येऊन भाजीचे भाव वाचायची. निर्मला तिला एकदा नुसतं बघायला म्हणून घेऊन गेली. शहनाजबाईंनी तिला थेट खुर्चीवर बसवलं, हातात कागद दिला. मी घरी टीव्हीपुढे. पहिलाच शब्द कांदा. रेवती क-क-क करत राहिली, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता कॅमेरा फिरवतील. फिरवला नाही. बाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "थांब की. घाई हाय का? कांदा कुटं पळून चाललाय व्हय?" रेवती हसली. हसता हसता 'कांदा' म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं ती दर रविवारी जायची. त्यांना मावशी म्हणायची. आज ती पन्नास-साठ मुलांसमोर उभी राहून तासभर बोलते, त्यातलं निम्मं श्रेय डॉक्टरांना नाही, शाळेला नाही — त्या निळ्या पडद्यापुढच्या खुर्चीला आहे.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असताना मी ते केलं. हे आधीच सांगून ठेवतो.

तो उन्हाळा पाण्याचा फार वाईट गेला. नळ सहाव्या दिवशी, सातव्या दिवशी. एका वस्तीला तर आठ दिवस पाणी नाही, आणि त्याच वस्तीला लागून एका वजनदार माणसाचं मंगल कार्यालय. शहनाजबाई कॅमेरा घेऊन गेल्या आणि त्यांनी दाखवलं काय, तर कार्यालयाची टाकी भरून वाहतेय, पाणी गटारात चाललंय, आणि भिंतीच्या अलीकडे बायका रिकामी भांडी घेऊन उभ्या. त्या संध्याकाळी हाकवर थेट कार्यक्रम झाला. बायकांचे फोनवर फोन. शेडकडची वीज गेलेली, स्टुडिओत जनरेटर धडधडत होता. शेवटी बाई म्हणाल्या, उद्या सकाळी दहाला पाण्याच्या टाकीपाशी या. येताना अमुक घेऊन या. कुणी अडवलं तरी हलायचं नाही.

ते 'अमुक' काय, ते सांगतोच. त्यासाठीच तर बसलोय.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मी स्कूटरवरून कचेरीत जाताना डोळ्यांनी पाहिलं — दीड-दोनशे असतील. पितळेच्या, स्टीलच्या, प्लास्टिकच्या कळश्या मांडीशी घेऊन टाकीच्या फाटकापुढे बसलेल्या. कुणी कुणाला बोट लावलं नाही. दुपारी वस्तीला पाणी सोडलं, बायका भरून घरी गेल्या. एवढंच झालं.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली. हाकवरून लोकांना भडकवण्यात आलं, शांतता धोक्यात आली, कारवाई व्हावी. आमच्याकडे केबलवरच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग करणारं एक यंत्र होतं, माझ्याच ताब्यात. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, त्या कार्यक्रमाचा शब्दशः अहवाल करा, तक्रारी ऐकणाऱ्या समितीपुढे ठेवायचाय.

मी कानाला हेडफोन लावून बसलो. ऐकलं, लिहिलं. "येताना कळश्या घेऊन या. कुनी आडवलं तरी हलायचं न्हाय." जनरेटरचा आवाज होता, खरंय. पण बाईंचा आवाज त्याहून मोठा होता. मागांच्या खडखडीत बोलायची सवय असलेली बाई ती. कागद नेऊन साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वाचला. उलटून पाहिला, मागे काही आहे का. आणि म्हणाले, "एवढंच?"

"हो साहेब."

"मग एवढी तक्रार कशी आली? जरा नीट ऐका, माने. गोंगाटात ऐकण्यात चूक होते कधी कधी."

बस. याहून जास्त काही नाही. धमकी नाही. बदलीचं नाव नाही, बढतीचं आमिष नाही. मी तुम्हाला सांगू शकलो असतो की मला दरडावलं, की माझ्या नोकरीवर आलं होतं. सतरा वर्षांत मी स्वतःलाही तसं सांगून पाहिलंय. पण तसं काही झालं नव्हतं. एक माणूस माझ्या कागदाकडे बघून 'एवढंच?' म्हणाला, आणि मला त्या कागदाची लाज वाटली. आपण काहीच आणलं नाही, असं वाटलं. इतकं हलकं कारण असतं का कशाला? माझं होतं.

मी परत जाऊन बसलो. दुसऱ्यांदा ऐकलं. कळश्या. तिसऱ्यांदा ऐकलं, अगदी डोळे मिटून, की निदान एकदा तरी वेगळं ऐकू यावं. कळश्या. स्वच्छ, खणखणीत. मग मी पहिला कागद फाडला, नवा घेतला आणि लिहिलं: येताना काठ्या घेऊन या.

हे ते.

'कळश'च्या जागी 'काठ'.  अक्षर माझं नेहमीसारखंच सुबक आलं. नाव मुलाणी होतं म्हणून माझा हात जरा जास्त सहज चालला का? हाच शब्द एखाद्या कुलकर्णीबाईंच्या तोंडी घालायला मी बिचकलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणता येत नाही.

साहेबांनी नवा कागद वाचला, मान डोलावली. म्हणाले, "बघा, नीट ऐकलं की येतं." आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मला गोड लागला. खोटं कशाला बोलू?

सुनावणीला शहनाजबाई आणि सलीमभाई दोघं आले. त्यांच्याकडे त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नव्हतं. थेट कार्यक्रम, जुन्या टेपांवरच नवं घ्यायचे. समितीतल्या एका बाईंनी मात्र विचारलं, आपलं रेकॉर्डिंग लावून पाहू या का?  लावलं. पण सगळ्यांच्या पुढ्यात माझा अहवाल होता. डोळ्यांपुढे 'काठ्या' असताना, वर पंखा घरघरतोय, रेकॉर्डिंगमध्ये जनरेटर धडधडतोय — कान वाचलेलंच ऐकतात. कुणी म्हणालं, हो, तसंच वाटतंय. त्या समितीतल्या बाईंनी तरी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही किती वेळा ऐकलंत?"

"तीनदा, मॅडम."

"आणि?"

"काठ्या."

ते मी तोंडानं म्हणालो. कागदावर लिहिणं वेगळं आणि समोर त्या दोघांना बसवून म्हणणं वेगळं. शहनाजबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या मला ओळखत होत्या — रेवतीचे वडील. सलीमभाई ताडकन उठले, काही बोलणार, तेवढ्यात शहनाजबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून खाली बसवलं आणि समितीला म्हणाल्या, "साहेब, जनरेटर लई वाजत हुता. ऐकनाऱ्याला तसं वाटलं असंल, त्यात माने साहेबांची चूक न्हाय. पर म्या कळश्या म्हनलं. बाया काय घिऊन आल्या हुत्या ते समद्या गावानं बगितलंय की."

कुणीतरी उत्तर दिलं, बायकांनी काठ्या आणल्या नाहीत हे चांगलंच झालं, पण आवाहन तर झालंच ना. दहा दिवस प्रक्षेपण बंद, असा आदेश निघाला. आदेशाला माझ्या अहवालाची प्रत जोडलेली होती.

दहा दिवस म्हणजे काय मोठंसं, असं मी स्वतःला समजावलं. त्या दहा दिवसांत दुसऱ्या एका केबलवाल्यानं सलीमभाईंची केबल असलेल्या गल्ल्या आपल्याकडे ओढल्या. चॅनल बंद पडलेलं, लोक तरी काय करणार? जाहिरातवालेही कचरले — कारवाई झालेली वाहिनी. अकराव्या दिवशी हाक सुरू झाली, पण पहिल्यासारखी नाही. दिवाळीपर्यंत कशीबशी चालली. मग एका संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला निळा पडदा आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही.

रेवतीनं विचारलं, "बाबा, मावशी क-का येत नाहीत?" ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मी म्हणालो, त्यांचं मशीन बिघडलंय. रविवारी सकाळी ती फ्रॉक घालून तयार होऊन बसायची. तीन रविवार बसली. मग बसायची थांबली.

आणि मग कानाचं सुरू झालं.

कचेरीत एकानं मला सहज विचारलं, "माने, खरंच काठ्याच म्हणाली होती का हो ती बाई? आमच्या घरी तर कळश्याच ऐकू आलं."  माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणास ठाऊक. हल्ली डाव्या कानाला जरा कमीच ऐकू येतं मला." सुटलो, असं वाटलं. पण असं एकदा बोललेलं निभवायला लागतं. त्या दिवसापासून लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागले. कुणी मागून हाक मारली की मी मुद्दाम एकदा वळायचो नाही. घरी निर्मलाला तेच सांगितलं — चूक झाली गं, ऐकण्यात चूक झाली. ती माझ्यासाठी रडली. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," म्हणाली. पुढे रेवती मोठी झाल्यावर तिनंच तिला समजावून सांगितलं, की हाकवर कारवाई झाली ती बाबांच्या कानामुळे, आणि बाबांना त्याचं फार लागून राहिलंय, त्यांच्यापुढे तो विषय काढू नकोस.

रेवतीनं पहिल्या पगारातून मला काय आणलं असेल? कानाचं मशीन. डाव्या कानाचं. डॉक्टरकडे तपासून घेऊ म्हणत होती, मी ते कसंबसं टाळलं. मशीन माझ्या कानात स्वतःच्या हातानं बसवलं आणि म्हणाली, "आता तुम्हाला कुणाचं काही चुकीचं ऐकू यायचं नाही, बाबा." न अडखळता म्हणाली. चांगल्या कानात ते मशीन घालून बघा कधी — भांडं खाली ठेवलेलं डोक्यात वाजतं. ती घरी येते तेव्हा आणि चार माणसांत जाताना मी ते घालतो. माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत. माझ्या घरात हे मला एकट्यालाच माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

तर त्या फोननंतर, त्या तुर्कस्तानच्या गोष्टीनंतर, मला राहवेना. तिकडच्या कुठल्यातरी कचेरीत हेडफोन लावून बसलेला एक माणूस मला सारखा दिसायला लागला. त्याला मी ओळखत नाही. कदाचित तो बिचारा इमानानं बरोबर तेच लिहीत असेल. पण मी ठरवलं की शहनाजबाईंना जाऊन सांगायचं. समोर उभं राहून. सतरा वर्षांत हे धाडस पहिल्यांदा आलं होतं. बाई मोडनिंबला माहेरी राहतात, बाजारात माईकवरून मालाचे भाव पुकारतात, हे मला ऐकून माहीत होतं. निर्मलाला सांगितलं, जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन येतो. मशीन मुद्दाम घरी ठेवलं आणि सकाळची एसटी धरली.

बाजाराच्या फाटकातच आवाज आला. तोच. पेरूच्या पाट्यांचे भाव सांगत होत्या, आणि मध्येच कुणाला तरी, "आरं टेम्पो बाजूला घे की, मानसं काय उडत येनार हायती का?" लोक हसत होते. मी एका खांबाशी उभा राहिलो. किती वेळ, कळलं नाही. पुकारा संपल्यावर त्यांनीच मला पाहिलं. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. पण चेहरा बघा — मला पाहून फुलला.

"आगं बया, माने साहेब! आमची रेवती कशी हाय?"

मी म्हणालो, बरी आहे, कॉलेजात शिकवते. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "शिकवती? कालेजात?" आणि भोवतीच्या बायकांना सांगायला लागल्या, ह्यांची पोर, माझ्यापाशी भाजीचे भाव वाचायला यायची, आता बघा. मग माझ्या कानाजवळ येऊन — माझ्या बहिरेपणाची बातमी मोडनिंबपर्यंत पोचली होती — मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "हितं बसा. च्या सांगते."

मी बसलो. म्हणालो, "बाई, मला तुमच्याशी बोलायचंय. त्या वेळच्या अहवालाबद्दल."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चेहरा एकदम उतरला त्यांचा. म्हणाल्या, "आदी माझं ऐका साहेब. लई दिसांपासनं तुमच्याकडं यायचं हुतं मला, पर तोंड हुईना."

माझ्याकडे यायला त्यांना तोंड होईना! मला काही कळेना.

सलीमभाई दोन वर्षांपूर्वी गेले, असं त्यांनी सांगितलं. हृदयविकारानं, बसल्या जागी. मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "त्यांनी शेवटपातुर तुमच्यावर राग धरला. सारखं म्हनायचं, 'उने जानके लिख्या, शहनाज.' त्यानं मुद्दाम लिवलं म्हनं. म्या किती भांडले त्यांच्याशी. म्हनायची, आवो, त्यो मानूस तसला न्हाय. पोरगी आपल्याकडं पाठवायचा, त्यो आसं कशाला करंल? त्याला ऐकू आलं न्हाय, संपलं. तर उठून भाईर जायचं. ह्या एका गोष्टीपायी आमच्या घरात लई वरसं खटका हुता, साहेब. आन् तसंच गेलं ते. येका भल्या मानसाबद्दल मनात वाईट ठिवून गेलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्यांच्या वतीनं म्या माफी मागते तुमची."

आणि त्यांनी हात जोडले. बाजारात, सगळ्यांसमोर, माझ्यापुढे.

सांगायलाच तर गेलो होतो ना मी? तोंडापाशी शब्द होता. तयारी करून नेलेलं वाक्य होतं, एसटीत दहादा घोकलेलं. समोर ती बाई हात जोडून उभी होती, आणि मला काय दिसलं, सांगू? मला दिसलं की मी खरं बोललो तर या बाईला आत्ता, या क्षणी कळेल की आपला नवरा बरोबर होता आणि आपण त्याला इतकी वर्षं खोटं पाडलं. तिच्यासाठी म्हणून गप्प राहिलो, असं मला म्हणता येईल. ते सोयीचंही आहे. पण त्या क्षणी मला तिची कणव नव्हती आली. तिच्या डोळ्यांत मी अजून भला माणूस होतो, आणि तसंच राहावं असं मला वाटलं.

मी म्हणालो, "असू द्या, बाई. मी काही मनात ठेवलेलं नाही."

त्यांची माफी मी घेतली. आणि वर त्यांना क्षमा केली.

त्यांना केवढं हलकं वाटलं, ते दिसत होतं. चहा आला, तो मी प्यालो. रेवतीसाठी त्यांनी पिशवीभर पेरू दिले, ते घेतले. मला काय बोलायचं होतं ते त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, काही नाही, हेच. एसटीपर्यंत सोडायला आल्या. खिडकीपाशी उभ्या राहून हात हलवत होत्या.

सलीमभाई खरं बोलत होते. मी मुद्दाम लिहिलं होतं. ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोपुढे खोटे ठरून गेले, आणि त्यांच्या वतीनं मागितलेली माफी मी घेऊन आलो.